भोगलेल्यांचे शहाणपण

मनाच्या दुखण्यासंबंधी दोघांनीच बोलावे असा आपल्याकडे रिवाज आहे. एक डॉक्टरांनी आणि दुसरे घरच्या मंडळींनी. ज्याला ते दुखणे झाले त्याचे म्हणणे मात्र दुखण्याचेच एक लक्षण समजून सोडून दिले जाते. तापाने फणफणलेला माणूस ‘डोके ठणकते’ म्हणाला तर आपण त्याच्यावर विश्वास ठेवतो. मनाने आजारी असलेला माणूस ‘या गोळीने माझे हात थरथरतात’ म्हणाला, तर ‘त्याच्या बोलण्याकडे लक्ष देऊ नका’ असे त्याच्यादेखतच सांगतो. हा रिवाज अन्यायाचा आहे, आणि तोट्याचाही आहे. तो मोडण्याचे काम जगात आणि आपल्या महाराष्ट्रातही सुरू झाले आहे. ते काय आहे, कसे चालते आणि त्याच्या मर्यादा कोणत्या, एवढेच या लेखात मांडावयाचे आहे.

मी डॉक्टर नव्हे आणि मानसशास्त्राचा पंडित तर नव्हेच नव्हे. माझी शाळा लवकर सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते सार्वजनिक वाचनालयात आणि कारखान्यांच्या फाटकांवर. म्हणून उदाहरणही तिथलेच देतो. यंत्र बिघडले म्हणजे इंजिनियर नकाशा घेऊन येतो. नकाशा खराच असतो. त्याच्यावाचून यंत्र दुरुस्त होत नाही. परंतु ‘दुसऱ्या पाळीत, तेल तापल्यानंतर, याचा आवाज बदलतो’ ही गोष्ट नकाशात नसते. ती त्या यंत्रापाशी ज्याने वर्षे काढली त्यालाच ठाऊक असते. शहाणा इंजिनियर हत्याराला हात घालण्यापूर्वी त्या कामगाराला विचारतो. दोघांचे ज्ञान निराळे आहे, आणि एकाने दुसऱ्याची जागा घेऊन भागत नाही. ज्याचे जळते त्यालाच कळते, ही म्हण आपण दुःखाच्या संदर्भात वापरतो. पण ती ज्ञानाच्या संदर्भातही तितकीच खरी आहे.

मनाच्या आजारातून गेलेल्या माणसाचे हे जे ज्ञान, त्याचा उपयोग त्याच आजारात सापडलेल्या दुसऱ्या माणसासाठी करणे, याला मी समदुःखी आधार म्हणतो. पुणे-ठाण्याकडील स्वमदत गटांत आजारी माणसाला ‘शुभार्थी’ आणि त्याचा सांभाळ करणाऱ्याला ‘शुभंकर’ असे दोन शब्द रूढ झाले आहेत. मला ते आवडतात, कारण त्यांत ‘वेडा’ या शब्दाचा घाव नाही.

ही कल्पना काल-परवाची आहे असे समजण्याचे कारण नाही. फ्रान्समध्ये राज्यक्रांतीच्या काळात पॅरिसजवळ बिसेत्र नावाचे मोठे रुग्णालय होते. तेथे मनोरुग्णांना साखळदंडांनी बांधून ठेवीत. त्यांच्या वॉर्डावर ज्याँ-बातिस्त प्युसँ नावाचा देखरेख्या होता. मूळचा हा चामडे कमावणारा कामगार. गंडमाळेच्या दुखण्यासाठी तो बिसेत्रमध्ये आला, बरा झाला आणि तेथेच नोकरीस राहिला. म्हणजे खाटेवर पडून रुग्णालय कसे दिसते हे त्याने स्वतः पाहिले होते. १७९३ साली फिलिप पिनेल हे डॉक्टर तेथे नेमले गेले. त्यांना आढळले की हा न शिकलेला माणूस रुग्णांना मारहाण होऊ देत नाही, त्यांच्याशी बोलतो, आणि बऱ्या झालेल्या रुग्णांमधूनच सेवक नेमतो. कारण उघड आहे. ज्याने मार खाल्ला आहे, त्याचा हात सहसा दुसऱ्यावर उठत नाही. १७९७ साली प्युसँने बिसेत्रमधील साखळ्या काढविल्या. पुढे चित्रकारांनी हे श्रेय पिनेल यांच्या पदरात टाकले. पण स्वतः पिनेल यांनी आपण प्युसँपासून काय शिकलो हे लिहून ठेवले आहे, आणि १८०२ साली त्याला आपल्या नव्या रुग्णालयात बोलावून घेतले आहे. आधुनिक मनोविकारशास्त्राचा जनक ज्याला म्हणतात, त्याच्या शेजारी असा एक कामगार उभा आहे, ही गोष्ट आपण विसरता कामा नये.

यानंतर शंभर वर्षांनी अमेरिकेत क्लिफर्ड बिअर्स नावाच्या पदवीधर तरुणाने मनोरुग्णालयांत सुमारे तीन वर्षे काढली. तेथे त्याला मारहाण झाली, हातपाय जखडणारे जाकीट घालून डांबण्यात आले. बाहेर आल्यावर त्याने ते लपवून ठेवले नाही. १९०८ साली आपल्या अनुभवाचे पुस्तक छापले, आणि दुसऱ्याच वर्षी मनाच्या आरोग्यासाठी एक राष्ट्रीय समिती उभी राहण्यास तो कारण झाला. पूर्वी रुग्णाची कहाणी डॉक्टर सांगत असत. येथे ती रुग्णाने सांगितली आणि डॉक्टरांनी ऐकली.

तिसरे उदाहरण दारूचे. १९३५ साली अमेरिकेतील अ‍ॅक्रन शहरात बिल विल्सन हा शेअरबाजारातला मनुष्य कामासाठी आला होता. काम फसले. दारू सोडून त्याला थोडेच महिने झाले होते, आणि आता पाय पुन्हा गुत्त्याकडे वळतील अशी त्याला भीती वाटू लागली. तेव्हा त्याने बोलण्यासाठी दुसरा एक दारूच्या आहारी गेलेला माणूस शोधला. तो निघाला बॉब स्मिथ, पेशाने शल्यविशारद. शरीरशास्त्र ज्याला तोंडपाठ, त्यालाही आपली दारू सोडवता आली नव्हती! या दोघांच्या बोलण्यातून ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ ही संघटना जन्मास आली. येथे एक मर्म आहे. विल्सन स्मिथला सुधारावयास गेला नव्हता. तो स्वतःला सावरावयास गेला होता. मदत देणाऱ्यालाच मदतीचा लाभ होतो, या गोष्टीला फ्रँक रीसमन या अमेरिकन अभ्यासकाने पुढे १९६५ साली सिद्धान्ताचे रूप दिले. संघटनेत काम केलेल्या माणसाला मात्र हे नवे वाटणार नाही. दुसऱ्याचे गाऱ्हाणे साहेबापुढे मांडता मांडता स्वतःच्या पाठीचा कणा ताठ झालेले कामगार आम्ही कितीतरी पाहिले आहेत.

आता आपल्याकडे वळू. पुण्यात १९८६ साली, गर्दचे व्यसन तरुणांना गिळत असताना, डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई यांच्या देणगीचा त्याला आधार मिळाला. या केंद्राचे एक वैशिष्ट्य असे की तेथील कार्यकर्त्यांत स्वतः व्यसनातून बाहेर आलेल्यांचा भरणा मोठा आहे. नव्याने आलेला रुग्ण बहाणे सांगू लागला, म्हणजे समोरचा माणूस हसून ते पुरे करतो. कारण तेच बहाणे त्याने स्वतः केलेले असतात. तिथे व्यसनी माणसांच्या बायकांसाठी ‘सहचरी’ नावाचा गटही आहे. ज्यांनी नवऱ्याच्या दारूपायी भांडी विकली, त्याच एकमेकींना वाट दाखवतात.

व्यसनापेक्षा ज्या आजाराची भीती समाजाला अधिक वाटते तो स्किझोफ्रेनिया. त्यासंबंधी जागृती करण्यासाठी पुण्यात १९९७ साली ‘स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन’ ही संस्था निघाली. तिच्यामागे डॉ. जगन्नाथ वाणी होते. ते डॉक्टर म्हणजे वैद्यकाचे नव्हेत. कॅनडात प्राध्यापकी केलेले, आणि घरातच हा आजार पाहिलेले गृहस्थ. म्हणजे या कामाची सुरुवातही भोगलेल्यानेच केली. ‘देवराई’ हा २००४ सालचा मराठी चित्रपट याच आजारावर आहे, आणि तो पाहून अनेक घरांना प्रथमच कळले की आपल्या मुलाला झाले आहे त्याला नाव आहे आणि उपचारही आहेत.

अशा स्वमदत गटाच्या बैठकीत काय चालते, असे पुष्कळजण विचारतात. पाहावयास जाल तर फारसे काही दिसणार नाही. दहा-पंधरा माणसे वर्तुळ करून बसतात. ज्याला बोलावयाचे तो बोलतो, ज्याला नुसते ऐकावयाचे तो ऐकतो. ‘तू असे कर’ असे न म्हणता ‘मी असे केले’ असे सांगावयाचे, हा पहिला नियम. इथे बोललेले बाहेर न्यावयाचे नाही, हा दुसरा. आणि कोणी कोणाची गोळी बदलावयाची किंवा बंद करावयाची नाही, हा तिसरा. एवढ्या साध्या बैठकीतून माणसाला चार गोष्टी मिळतात. पहिली, आशा. ‘तू बरा होशील’ हे डॉक्टरांचे वाक्य असते; पण आठ वर्षांपूर्वी अशाच अवस्थेत असलेला माणूस नोकरी करतो आहे, घर चालवतो आहे, हे डोळ्यांनी पाहणे हा पुरावा असतो. दुसरी, शब्द. आपल्याला काय होते हे सांगण्याची भाषाच पुष्कळांपाशी नसते. दुसऱ्याच्या तोंडून ऐकले म्हणजे ‘हेच, हेच मला होते!’ असे ते म्हणतात. तिसरी, व्यवहारातली युक्ती. गोळी घेऊन झोप येते तर सकाळची गाडी कशी गाठावी, लग्नकार्यात लोकांनी विचारले तर काय सांगावे, दुखणे उलटण्यापूर्वी कोणती खूण दिसते, या गोष्टी पुस्तकांत क्वचित सापडतात. आणि चौथी, लाज ओसरणे. एकट्याची लाज डोंगराएवढी असते. पंधरा जणांत वाटली म्हणजे ती उचलता येते.

तिसऱ्या गोष्टीचे एक उदाहरण सांगतो. आमच्या संघटनेच्या एका कारखान्यात एक टर्नर होता. कारखान्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. त्याचे मन कधी विलक्षण चढे, कधी पार खचे. दोन महिने रुग्णालयात काढून, कामास योग्य असल्याचा दाखला घेऊन तो परत आला. व्यवस्थापन म्हणाले, यंत्रापाशी याचा भरवसा कोणी द्यावा? राजीनामा दे आणि हिशेब घे. आम्ही नेहमीप्रमाणे ‘कामावर घ्या’ ही मागणी लावून धरली. अशा वेळी शेजारच्या कारखान्यातला एक वयस्क फिटर, ज्याने हेच दुखणे अनेक वर्षांपूर्वी काढले होते, फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर त्याच्याजवळ येऊन बसला. ‘बरा आहेस का?’ असे त्याने विचारले नाही. त्याने विचारले, ‘सकाळच्या पाळीला गोळीची गुंगी उतरते का रे?’

टर्नर त्याच्याकडे बघतच राहिला. म्हणाला, ‘नाही उतरत, दादा. आणि रातपाळी आली की पुढच्या आठवड्यात डोके फिरायला लागते.’

हे त्याने ना आम्हांला सांगितले होते, ना डॉक्टरांना. कोणी विचारलेच नव्हते. फिटर त्याला म्हणाला, ‘गोळीची वेळ डॉक्टरसाहेबांना विचार, मी सांगणार नाही. पण रातपाळीचे युनियनला सांग.’ डॉक्टरांनी गोळीची वेळ संध्याकाळकडे आणली. या आजारात झोप मोडली की दुखणे उलटण्याचा धोका वाढतो, हे त्यांनी लेखी दिले. आणि आमची मागणी बदलली. नुसते ‘कामावर घ्या’ नव्हे, तर ‘सहा महिने रातपाळी नको’. पहिल्या मागणीवर महिनाभर वाद चालला होता. दुसरी एका बैठकीत मान्य झाली, कारण तिच्यात व्यवस्थापनाच्या भीतीलाही उत्तर होते. कायदा आम्हांला ठाऊक होता आणि औषध डॉक्टरांना. परंतु नेमके काय मागावे हे त्या फिटरला ठाऊक होते.

येथे कामगारांसाठी एक माहिती नोंदवून ठेवतो. कामगार राज्य विमा योजनेत दीर्घ आजारांसाठी जो वाढीव आजारपणाचा लाभ आहे, त्या आजारांच्या यादीत क्षयरोग, कर्करोग यांच्याबरोबर तीव्र मनोविकारांचाही समावेश आहे. अटी पुऱ्या होत असतील तर पगाराच्या ८० टक्के रक्कम दोन वर्षांपर्यंत मिळू शकते. आजार लपवून बिनपगारी रजा काढणारे आणि शेवटी गैरहजेरीच्या चार्जशीटला सामोरे जाणारे कामगार थोडेथोडके नाहीत. लाजेपायी माणूस हक्काच्या पैशावरही पाणी सोडतो!

आता कायद्याकडे पाहू. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे एका झोपडीवजा आश्रमाला आग लागली. रुग्ण साखळ्यांनी बांधलेले होते. त्यांना पळता आले नाही. २८ माणसे मेली. बिसेत्रमधील साखळ्या निघून तेव्हा दोनशे वर्षे उलटली होती. पुढे २००७ साली भारताने अपंग व्यक्तींच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार मान्य केला, आणि त्याला अनुसरून २०१७ साली मानसिक आरोग्य सेवा कायदा झाला. तो २०१८ पासून अमलात आला. या कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यास बंदी केली. आपण पुढे आजारी पडलो तर कोणते उपचार व्हावेत व कोणते होऊ नयेत, हे आधीच लिहून ठेवण्याचा हक्क दिला. आपल्या वतीने बोलणारा माणूस नेमण्याचा हक्क दिला. आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे म्हणजे राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणावर मानसिक आजार असलेल्या किंवा पूर्वी झालेल्या व्यक्तींचे दोन प्रतिनिधी घेण्याची तरतूद केली.

रुग्णांच्या तक्रारी ऐकणारी जी पुनर्विलोकन मंडळे जिल्ह्यांसाठी नेमावयाची, त्यांची रचना मात्र बारकाईने वाचली पाहिजे. सहांपैकी दोन जागा ‘मानसिक आजार असलेल्या व्यक्ती, किंवा सांभाळ करणारे, किंवा त्यांच्या संस्थांचे अथवा स्वयंसेवी संस्थांचे प्रतिनिधी’ यांच्यासाठी आहेत. मित्रहो, करारपत्रे वाचण्यात माझे आयुष्य गेले. ‘किंवा’ या शब्दाचा इतिहास मला चांगला ठाऊक आहे. जेथे ‘किंवा’ असतो तेथे दुबळ्याची जागा शेवटी दुसऱ्यालाच मिळते. स्वयंसेवी संस्थेचा सज्जन प्रतिनिधी तेथे बसेल, पण ज्याने कुलूपबंद खोलीत रात्र काढली तो बाहेरच राहील, असा धोका या एका शब्दात आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने वर्क्स कमिटीची तरतूद केली तेव्हा कामगारांचे प्रतिनिधी मालकांच्या प्रतिनिधींपेक्षा कमी असू नयेत असे स्पष्ट लिहिले होते. तसा स्पष्टपणा येथेही असावयास हवा.

आता कोणी विचारील, या आधाराने खरोखरच गुण येतो काय? उत्तर प्रामाणिकपणे दिले पाहिजे. २०१८ साली इंग्लंडमधील एक प्रयोग प्रसिद्ध झाला. आणीबाणीच्या उपचारांतून बाहेर पडलेल्या ४४१ रुग्णांपैकी काहींना अनुभवी सोबत्याची मदत दिली, काहींना नुसती पुस्तिका दिली. वर्षभरात पुन्हा तातडीच्या उपचारांची पाळी सोबती मिळालेल्यांपैकी २९ टक्क्यांवर आली, आणि पुस्तिकावाल्यांपैकी ३८ टक्क्यांवर. फरक लहान नव्हे. परंतु २०२२ साली तेथेच झालेल्या दुसऱ्या मोठ्या प्रयोगात, रुग्णालयातून घरी जाणाऱ्यांना असा सोबती देऊनही, पुन्हा दाखल होणाऱ्यांचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच, सुमारे निम्मे, राहिले. म्हणजे हा रामबाण उपाय नव्हे. सोबती कोण, त्याला कोणते शिक्षण दिले, तो केव्हा व किती वेळा भेटला, यांवर पुष्कळ अवलंबून असते.

म्हणून काही इशारेही दिले पाहिजेत. पहिला असा की समदुःखी माणूस डॉक्टरची जागा घेऊ शकत नाही. ‘मी गोळ्या सोडल्या, तूही सोड’ असा सल्ला देणारा माणूस आधार नव्हे, अपघात आहे. दुसरा असा की भोगलेला प्रत्येकजण आपोआप शहाणा होत नाही. स्वतःची जखम ओली असताना दुसऱ्याची बांधावयास गेले तर दोघेही रक्तबंबाळ होतात. ऐकावे कसे, गप्प केव्हा राहावे, जिवाचा धोका दिसताच कोणाला बोलवावे, हे शिकावे लागते. आणि तिसरा इशारा मी संघटनेचा माणूस म्हणून देतो. २०१५–१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, बारा राज्यांची पाहणी करून, असे आढळले की निरनिराळ्या मनोविकारांत ७० ते ९२ टक्के लोकांना उपचारच मिळत नाहीत. एवढी मोठी दरी पाहिल्यावर सरकारच्या मनात स्वस्त माणसांनी ती बुजवावी असे येणारच. डॉक्टर नेमावयाचे नाहीत, परिचारिका भरावयाच्या नाहीत, आणि बऱ्या झालेल्या रुग्णांना ‘सेवाभाव’ म्हणून मानधनावर राबवावयाचे, हा मार्ग आम्ही अंगणवाडी सेविकांच्या बाबतीत पाहिला आहे. वर्षानुवर्षे काम पूर्ण वेळेचे, आणि दाम मात्र मानधनाचे!

अनुभव हे जर ज्ञान असेल, तर त्याला ज्ञानाची किंमत मिळाली पाहिजे. अनुभवी सोबत्याला शिक्षण हवे, नेमणुकीचे पत्र हवे, वेतन हवे, रजा हवी. आणि त्याचे स्वतःचे दुखणे उलटले तर त्याची जागा शाबूत राहील अशी हमी हवी. जो दुसऱ्यांना ‘लाजू नका’ म्हणून सांगतो, त्यालाच आजारी पडण्याची लाज वाटावी अशी नोकरी देणे ही क्रूर थट्टा होईल.

हे सर्व व्हावयास वेळ लागेल. तोवर आपापल्या जागी करण्यासारखे पुष्कळ आहे. ज्या गावात वाचनालय आहे तेथे महिन्यातून दोन तास एक खोली स्वमदत गटाला मिळू शकते. ज्या कारखान्यात युनियन आहे तेथे मनाच्या आजाराची रजा व परतीच्या वेळची सोय ही मागणीपत्रात कलम म्हणून येऊ शकते. आणि ते कलम लिहिताना ज्याने ते भोगले आहे त्याला शेजारी बसवता येते. बोलावयास कोणीच नसेल त्याच्यासाठी ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलिमानस’ ही सरकारी दूरध्वनी सेवा आहे. तिचा क्रमांक १४४१६. तो कारखान्याच्या फलकावर सुरक्षिततेच्या सूचनांशेजारी लिहावयास खडूचा एक तुकडा पुरतो. आणि रुग्णालयातून परतलेला सहकारी उद्या पाळीवर आला, तर त्याच्याकडे पाहून कुजबुजण्याऐवजी त्याला एक साधा प्रश्न विचारता येईल: ‘कामाला काय अडचण पडते ते सांग.’ उत्तर त्याच्यापाशी आहे. आजवर कोणी ते मागितले नव्हते.